बिजागऱ्या नसलेलं बॉनेट

रविवार, ४ मे

माझी बायको नॅडीन म्हणते, डेल्मरवर चिडायचं असेल तर वहीत चिड, स्वयंपाकघरात नको. मी चिडून बोलायला लागलो की तिची अंडी करपतात. म्हणून ही वही.

काल नवं बॉनेट आलं. फायबरचं, काळं, मधोमध फुगीर नाक असलेलं. गाडीपेक्षा त्याचं खोकंच मोठं होतं. कोंबड्या अजून त्या खोक्याकडे संशयाने बघताहेत.

जुन्या बॉनेटचं काय झालं ते इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. गेल्या सप्टेंबरात मी आणि माझा धाकटा भाऊ डेल्मर जिल्ह्याच्या जत्रेतून परत येत होतो. शेवेल तो चालवत होता. आम्ही दोघांनी मिसरूड फुटायच्या वयात मिळून घेतलेली गाडी ती. दोन दारं, आठ सिलिंडर, आणि आवाज असा की शेजाऱ्यांच्या गाईंचं दूध आटावं. पुलापलीकडे वेग घेतला आणि बॉनेट फाडकन उघडून काचेवर आदळलं. पुढचं काही दिसेना. डेल्मरने गाडी कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये नेऊन उभी केली. आम्हाला ओरखडाही आला नाही.

भांडण झालं ते सोयाबीनमध्ये उभं राहून. जत्रेत तेल मी बघितलं होतं आणि बॉनेट त्याने बंद केलं होतं. तो म्हणतो, तेल त्याने बघितलं आणि बॉनेट मी बंद केलं. तिथून तो पायी घरी गेला. तेव्हापासून बोलणं बंद. तो राहतो आमच्या मक्याच्या शेतापलीकडे. त्याच्या चिमणीचा धूर दिसतो, तेवढाच संबंध.

या महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या, म्हणजे थडग्यांवर फुलं ठेवायच्या सुट्टीच्या, आदल्या शनिवारी क्ले क्रीकची शर्यत आहे, एका वेळी दोन गाड्या, सरळ पट्ट्यावर. दर वर्षी आम्ही दोघं जायचो. या वर्षी मी एकटा जाणार.

"आणि पुढच्या वर्षी?" नॅडीनने विचारलं.

"पुढच्या वर्षीही एकटा."

"तुझ्या बापाने आणि चुलत्याने हेच केलं होतं. शेवटी एकाने दुसऱ्याच्या मयताला फुलं पाठवली. तीसुद्धा फोनवरून. या शर्यतीला तुम्ही बोलला नाहीत ना लायल, तर पुढे कधी बोलणार नाही. माझ्याकडून लिहून घे."

घेतलं लिहून.

मंगळवार, ६ मे

बॉनेट बसवून पाहिलं. बसत नाही.

डाव्या बाजूला मडगार्ड आणि बॉनेट यांच्यामध्ये अख्खं सॉसेज मावेल एवढी फट. उजवीकडे बॉनेट मडगार्डला घासतं. मागचा उजवा कोपरा उचललेला, कुत्रा एक कान टवकारतो तसा. माझ्या माहितीप्रमाणे बाहेरून घेतलेलं कुठलंच बॉनेट पहिल्या झटक्यात बसत नाही, पण हे माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं.

दुसरं टोक नॅडीनने धरलं होतं, ओव्हनचे मोजे घालून. तिचा खांदा गेल्या हिवाळ्यापासून दुखरा आहे.

"डेल्मर आयुष्यभर फायबरच्या बोटी दुरुस्त करतोय," ती म्हणाली. "एक हाक मारलीस तर तुझी जीभ झडेल का?"

"झडेल."

"मग आधी हे खाली ठेव, माझा खांदा झडायच्या आत."

गुरुवार, ८ मे

बॉनेटबरोबर आलेल्या कागदात म्हटलंय की रंगवण्याआधी फायबरला ऊन द्यावं, म्हणजे जे काही आकसायचं-फुगायचं असेल ते होऊन जातं. सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर सकाळभर उन्हात ठेवलं आणि दुपारी नॅडीनला मोजे घालायला लावून गाडीवर टेकवून बघितलं. कोपरा तसाच.

तेवढ्यात नॅडीनला कोंबड्यांसाठी विशिष्ट खाद्य हवं झालं. ते म्हणे आपल्या गावात मिळत नाही. म्हणून पार मॅरियनपर्यंत जाऊन आलो. कोंबड्या आजवर काहीही खात आल्यात, माझा हातमोजासुद्धा.

पण परत येऊन बघतो तर काय, मागचा उजवा कोपरा खाली आलेला! बॉनेट गाडीवर तसंच होतं, आणि कोपरा जवळजवळ बरोबर. मी नॅडीनला ओढत गॅरेजमध्ये नेलं.

"बघितलंस? ऊन! फायबर आपोआप जागेवर येतं. घाई करायची नाही, एवढंच."

"खरंच की," नॅडीन म्हणाली. तिला हसू आवरेना. इतका आनंद झाला तिला माझ्यासाठी.

गॅरेजच्या जमिनीवर पांढरट पूड पडली होती. ओकच्या झाडांचे पराग. या वर्षी भयंकर आहेत.

रविवार, ११ मे

चर्चमध्ये डेल्मर नेहमीप्रमाणे पलीकडच्या बाकावर. सबंध प्रवचनभर दंड खाजवत होता. मनगट, कोपर, मान. शेवटी शेवटी तर बाकाच्या कडेला पाठ घासायला लागला. पाद्रीबाबांना वाटलं, त्यांच्या शब्दांनी तो हेलावलाय.

मी नॅडीनच्या कानात म्हटलं, "पिसवा झाल्यात. एकटा माणूस, अंथरूण कधी धुतो कोण जाणे."

"तुला बरी खाज सुटत नाही, रोज फायबरशी खेळतोस तरी."

"माझी कातडी जाड आहे."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

मंगळवार, १३ मे

डावी फट भरली! म्हणजे बॉनेट उजवीकडून बारीक झालं आणि डावीकडे सरकलं. काल संध्याकाळी गायनमंडळाच्या सरावाला गेलो होतो, तेवढ्यात. आता दोन्हीकडे करंगळी जाईल एवढी सारखी फट. कडा तर अशा गुळगुळीत की काचपेपरने घासल्यासारख्या. उन्हाची काय ताकद असते!

सकाळी कॅफेत मी सगळ्यांना ही पद्धत समजावून सांगितली. धीर धरायचा, हात लावायचा नाही, फायबरला त्याचं त्याला ठरवू द्यायचं. मग एकाने विचारलं, "आणि लायल, हे तू घरात नसतानाच होतं का?"

"हो ना! बघत बसलं की काहीच होत नाही."

"माझ्याही गळक्या छपराला विचारून बघतो," तो म्हणाला, आणि सगळे कॉफीत तोंड घालून खोकायला लागले. नवी गोष्ट ऐकली की आमच्या गावात असंच होतं.

घरी आलो तर रुबार्बच्या आंबट देठांची पाई अर्धी संपलेली. नॅडीन म्हणाली, मीच खाल्ली. तिला रुबार्ब आवडत नाही असं मला इतकी वर्षं वाटत होतं. शिवाय तिने खाजेवरचं गुलाबी औषध आणलंय, मोठी बाटली. घरात खाज कुणालाच नाही. विचारलं तर म्हणाली, डासांचे दिवस येताहेत.

गुरुवार, १५ मे

आज पिना.

फायबरच्या बॉनेटला कारखान्यातल्या बिजागऱ्या चालत नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा त्याला वाकवतात. म्हणून बिजागऱ्या काढूनच टाकल्या. त्याऐवजी चार कोपऱ्यांना चार उभ्या पिना. बॉनेटला चार भोकं पाडायची, पिना त्यातून वर येतात, प्रत्येकीच्या माथ्यातल्या छिद्रात क्लिप अडकवायची. मग वारा असो की वादळ, बॉनेट उडत नाही. आणि कुणी बंद केलं, कुणी नाही, हा प्रश्नच उरत नाही. क्लिप दिसते डोळ्यांना.

अडचण एकच. भोक नेमकं कुठे पाडायचं ते वरून दिसत नाही, आणि चुकीच्या जागी पडलेलं भोक परत घेता येत नाही. त्यावरचा उपाय सगळ्या शर्यतवाल्यांना ठाऊक आहे. पिनेच्या टोकाला लिपस्टिक लावायची आणि बॉनेट हळूच टेकवायचं. खालच्या बाजूला जिथे लाल ठिपका उमटेल तिथे भोक.

"नॅडीन, तुझी लिपस्टिक दे."

"कशाला?"

"चौघींना लावायचीय."

तिने इस्टरची चांगली लाल काही दिली नाही. तिच्या बहिणीने भेट दिलेली नारिंगी दिली, जी लावून ती एकदाच बाहेर गेली होती आणि लोकांनी तिला बरं वाटतंय ना विचारलं होतं. काम छान झालं. चार ठिपके उमटले. ड्रिलला बिट लावलं, पण नॅडीन म्हणाली, "आज नको. आधी जेव, आणि मग मला दाताच्या डॉक्टरकडे सोड."

दात तर तिचे मागच्याच महिन्यात दाखवून झाले होते. पण बायकोच्या दाताशी वाद घालू नये.

शुक्रवार, १६ मे

ठिपके गायब! चारही पुसलेले. पुन्हा बघतो तर मागच्या दोन पिनाही कालच्यापेक्षा जास्त सरळ उभ्या वाटल्या. काल त्या जरा कललेल्या होत्या की काय, आता आठवत नाही.

"पिकल्सने चाटलं असेल," नॅडीन म्हणाली.

आमच्या कुत्र्याला, पिकल्सला, बोलावलं. खरंच, त्याच्या नाकापासून भुवईपर्यंत नारिंगी रंग. भुवईपर्यंत जीभ कशी पोचली ते मला कळेना, पण पुरावा समोर बसून शेपूट हलवत होता. दिवसभर बिचाऱ्याला गॅरेजबाहेर बांधून ठेवलं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की माझंच काही चुकलं असावं.

पुन्हा लिपस्टिक, पुन्हा ठिपके. मागचे दोन कालच्या जागेपासून चांगले बोटभर सरकले. काल भोकं पाडली असती तर मेलोच असतो. आता पिकल्सला शिक्षा करावी की बक्षीस द्यावं, या विचारात आहे.

शनिवार, १७ मे

भोकं पाडली.

फायबर चिरू नये म्हणून वर कागदी चिकटपट्टी लावली. आधी बारीक बिट, मग जाड, मग त्याहून जाड. पहिल्या भोकाआधी मी तीनदा ड्रिल उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. नॅडीन दारात उभी होती. अधूनमधून ती खिडकीतून शेताकडे बघत होती. मीही बघितलं. मक्यापलीकडे डेल्मर उभा होता, कुंपणाच्या त्याच्या बाजूला, टोपी हातात घेऊन. माझं वाटोळं व्हायची वाट बघत असणार.

"बघ बघ म्हणावं!" मी ओरडलो आणि बटण दाबलं.

चारही भोकं बरोबर. बॉनेट वरून ठेवलं तर चार पिना अशा वर आल्या, जशा काही पहिल्यापासून तिथेच उगवल्या होत्या. चकत्या बसवल्या, क्लिपा लावल्या. टक, टक, टक, टक. या आवाजावर मी जीव ओवाळून टाकीन. पुन्हा बाहेर बघितलं तर डेल्मर टोपी डोक्यावर घालून निघून चालला होता. त्याची चाल काही हरलेल्या माणसासारखी वाटली नाही, पण लांबून काय कळणार.

रविवार, १८ मे

एक गोष्ट लक्षात आली.

बॉनेट एकट्याला काढता येत नाही.

वजन काही नाही त्याला, पण रुंदी आहे. एका बाजूने उचललं की दुसऱ्या बाजूच्या पिना भोकात अडकतात. समोरून उचललं तर मागचा कोपरा काचेवर जातो. बिजागऱ्या असत्या तर एका हाताने उघडलं असतं. आता एक माणूस डावीकडे, एक उजवीकडे, दोघांनी एकाच वेळी सरळ वर उचलायचं, तरच ते निघतं. आणि क्ले क्रीकला तपासणीत बॉनेट काढून इंजीन दाखवावं लागतं. त्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत.

नॅडीन येते म्हणाली. पण आज चर्चमध्ये भजनाचं पुस्तक उचलताना तिचा चेहरा बघितला मी.

मंगळवार, २० मे

गॅरेजच्या आढ्याला कप्पी बांधून, दोरीने बॉनेट वर ओढून बघितलं. निघालं. सरळ वर गेलं आणि गोल गोल फिरायला लागलं. त्याच्याखाली मी, हात वर करून, पाऊस थांबवायला निघालेल्या माणसासारखा. आणि कप्पी काही क्ले क्रीकला नेता येत नाही.

कॅफेत विचारून बघितलं. शनिवारी कोण येतं माझ्याबरोबर, बॉनेटचं दुसरं टोक धरायला? एकाला गवत कापायचं होतं. दुसऱ्याच्या पाठीत चमक. तिसऱ्याने सरळ सांगितलं, "मी मोकळा आहे, पण येणार नाही. डेल्मरला विचार."

"का येणार नाहीस?"

"बायकोने सांगितलंय."

"तुझ्या बायकोचा काय संबंध?"

"तिला तुझ्या बायकोने सांगितलंय."

नॅडीनला जाब विचारला. ती म्हणाली, कॅफेतले लोक फार गप्पा मारतात.

शुक्रवार, २३ मे

संध्याकाळी मक्याच्या कडेने कुंपणापर्यंत गेलो. नुसता फेरफटका. डेल्मरच्या अंगणात एक उलटी बोट होती, आणि तो तिच्याखाली होता. बूट ओळखले. मी खाकरलो. बूट हलले नाहीत. मला म्हणायचं होतं, "उद्या चल." एवढंच. पण ओठावर आलं ते, "तेल मीच बघितलं होतं." मग तेही बोललो नाही, परत आलो.

नॅडीनला म्हटलं, "मी जात नाही."

"बरं," ती म्हणाली. मग बराच वेळ ती भांडं पुसत राहिली, तेच एक. "मग गाडीवर चादर टाकून ठेव. कोठारात पडलेल्या तुझ्या बापाच्या नांगरासारखी. मुलांना दाखवू, इथे दोन भाऊ होते म्हणून."

मी जातोय. तपासणीत अडवलं तर अडवलं.

शनिवार, २४ मे

सगळं नीट लिहितो.

नॅडीन तिच्या गाडीने मागून येते म्हणाली. मी शेवेल घेऊन पुढे. वेगात बॉनेटवर नजर ठेवून होतो. चार क्लिपा उन्हात चमकत होत्या आणि बॉनेट तसूभर हललं नाही.

तपासणीच्या रांगेत माझा नंबर आला. वॉन्डाबाई तपासतात. कमरेला फडकं, डोळ्यांवर चष्मा, दुसरा चष्मा केसांत.

"काय लायल, नवीन नाक? छान बसलंय की! कुणी बसवलं?"

"मी."

"तू?" त्यांनी फटीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. "बरं. काढा."

मी क्लिपा काढल्या. माझ्या बाजूला उभा राहिलो. मागे रांग. कुणीतरी भोंगा वाजवला.

"एकटाच आहेस?" वॉन्डाबाई म्हणाल्या. "मी हात लावत नाही हं, नियम आहे."

"काढतो," मी म्हटलं, आणि समोरून उचलायला वाकलो.

"तिरकं उचलू नको, काच जाईल."

डेल्मर होता. हातात कॉफीचा कप. कप त्याने वॉन्डाबाईंच्या हातात दिला, जशा काही त्या त्यासाठीच उभ्या होत्या. मग पलीकडच्या बाजूला जाऊन त्याने हात लावले.

"मागची डावी पिन घट्ट बसते," तो बॉनेटकडे बघत म्हणाला. "आधी तिला मोकळी कर. मग सरळ वर."

मागची डावी खरंच घट्ट बसते. त्याला कसं कळलं कोण जाणे. बोटींचं काम करून हाताला अंदाज येत असावा.

"तीनवर?" मी विचारलं.

"तीनवर की तीननंतर?"

"तीनवर! दर वेळी विचारतोस."

"कारण दर वेळी तू दोनवर उचलतोस."

"अरे, कधी?"

"आयुष्यभर!"

"भाऊहो," वॉन्डाबाई म्हणाल्या, "मागे रांग कुठवर गेलीय बघा."

उचललं. सरळ वर आलं, पिसासारखं. वॉन्डाबाईंनी इंजीन बघितलं आणि पास केलं. ठेवतानाही दोघांनीच ठेवलं. मी माझ्या बाजूच्या दोन क्लिपा लावल्या, त्याने त्याच्या दोन. मग तो फिरून माझ्या बाजूला आला आणि माझ्या क्लिपा ओढून बघितल्या. मला राग आला. मग मी त्याच्या बाजूला जाऊन त्याच्या ओढून बघितल्या. मग तो पुन्हा माझ्या बाजूला यायला लागला, तेव्हा वॉन्डाबाईंनी आम्हाला हाकललं.

शर्यत पहिल्याच फेरीत हरलो. शाळेच्या ग्रंथपालबाईंनी हरवलं, मुलांना सोडायच्या डबा-गाडीतून. दिवा हिरवा झाला तेव्हा मी क्लिपांकडे बघत होतो. डेल्मर कठड्यावर हसून हसून दुमडला. नॅडीन त्याच्या शेजारी उभी होती, डोळे पुसत. एवढं काय रडायचं होतं, नुसती एक फेरी हरलो होतो.

येताना तो माझ्या शेजारी बसून आला. पूल आला तेव्हा त्याने डॅशबोर्डवर तळवा ठेवला. मीही वेग कमी केला. सोयाबीनच्या शेतात या वर्षी मका लावलाय.

"तुझे दंड का असे लाल?" मी विचारलं.

"डास," तो म्हणाला.

नॅडीनचं खरं होतं तर. डासांचे दिवस आलेत.

सोमवार, २६ मे

सकाळी आईवडलांच्या थडग्यांवर फुलं ठेवली, स्वतः जाऊन. चुलत्याच्याही ठेवली. दुपारी अंगणात निखाऱ्यावर मांस भाजलं. डेल्मर आला, पुढच्या दाराने. पिकल्स त्याच्यावर भुंकला नाही. कुत्र्यांना नातं कळतं.

जेवणाआधी बॉनेट काढलं, कार्ब्युरेटर बघितला. जेवताना मध्येच उठून पुन्हा काढलं, तोच कार्ब्युरेटर पुन्हा बघितला. नॅडीन बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन बाहेर आली आणि शेवेलपाशी थांबली. काखेत एक कॅटलॉग होता. तो तिने आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर उघडून ठेवला.

"सहज चाळत होते," ती म्हणाली. "फायबरच्या बॉनेटसाठी वेगळ्या बिजागऱ्या मिळतात म्हणे. त्या लावल्या की एकटा माणूस एका हाताने उघडू शकतो. मागवू का?"

डेल्मरने कणसाचे दाणे खाल्ले.

"वजन वाढेल गाडीचं," तो म्हणाला.

"आणि फायबर वाकेल," मी म्हटलं.

"वाकेलच."

"शिवाय पुन्हा भोकं पाडावी लागतील."

"तेच ना. आता भोकं नकोत."

"बरं बाबांनो, राहिलं," नॅडीन म्हणाली आणि सॅलड वाढायला लागली.

त्या बिजागऱ्या अॅल्युमिनियमच्या आहेत, खिशात मावतील एवढ्या. त्यांना स्प्रिंग नाही, त्यामुळे काही वाकत नाही. पिनांच्या त्याच भोकांवर बसतात. हे सगळं त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आणि डेल्मर चष्मा लावून बसला होता. मी पान उलटलं.

उद्या सकाळी तो कार्ब्युरेटर बघायला येणार आहे.